ऑगस्टमध्ये पत्ता कट: वाइड रिसीव्हरच्या नोकरीबद्दल वाचकांचे प्रश्न

अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, वाइड रिसीव्हरचं (चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकचा चेंडू पुढे धावून झेलणाऱ्याचं) करिअर सरासरी तीन-सव्वातीन वर्षांत आटोपतं, असं एक वाक्य गेल्या अंकात आलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. त्यांतल्या निवडक प्रश्नांची उत्तरं इथे देत आहोत.

तीन वर्षांत करिअर संपतं म्हणजे सगळे जखमी होतात का? की हा आकडाच फुगवलेला आहे? (नागपूर)

आकडा फुगवलेला नाही. मोजणीत कोणाला धरायचं यावर तो बदलतो, एवढंच. खेळाडूंची संघटना एकदा तरी पगारपत्रकावर आलेल्या प्रत्येकाला धरते आणि सरासरी ३.३ वर्षं सांगते. लीगचं म्हणणं असं की पहिल्याच वर्षी सलामीच्या सामन्याच्या यादीत ज्याचं नाव लागतं, तो सरासरी सहा वर्षं टिकतो. दोघंही बरोबर आहेत. चौथ्या आठवड्यात आत आला आणि सातव्यात बाहेर गेला, असा खेळाडू पहिल्या हिशेबात येतो, दुसऱ्यात येत नाही.

दुखापतींचा वाटा मोठा आहे, पण आमच्या मते खरं कारण जागांच्या गणितात आहे. लीगमध्ये ३२ संघ. प्रत्येकाच्या ५३ जणांच्या यादीत रिसीव्हर पाच, फार तर सहा. म्हणजे सगळ्या देशात मिळून १६० ते १९० नोकऱ्या. दरवर्षी एप्रिलमधल्या सात फेऱ्यांच्या ड्राफ्टमधून (यात संघ आळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात) तीसेक रिसीव्हर येतात, शिवाय ड्राफ्टमध्ये निवड न झालेले कितीतरी तरुण थेट करारावर घेतले जातात. नवे आत आले की तेवढेच जुने बाहेर.

त्यातही पहिल्या तिघांची गोष्ट वेगळी. आजकाल निम्म्याहून जास्त डावपेच तीन रिसीव्हर मैदानात ठेवूनच आखले जातात, त्यामुळे त्या तिघांना काम भरपूर असतं. खरी मारामारी चौथ्या ते सहाव्या जागेसाठी. तिथे प्रशिक्षक पहिला प्रश्न ‘झेल किती घेतो’ हा विचारत नाहीत. ‘स्पेशल टीममध्ये, म्हणजे चेंडू लाथेने मारला जातो तेव्हा उतरणाऱ्या तुकडीत, काय करतो’ हा विचारतात. पंटच्या (चेंडू हातातून सोडून लाथेने लांब मारण्याच्या) वेळी गनर म्हणून, म्हणजे कडेने सगळ्यांत आधी, ४०-५० यार्ड पळत जाऊन, अंगावर आलेले दोन-दोन खेळाडू चुकवून चेंडू घेणाऱ्याला पाडता येतं का? पंट किंवा किकऑफ (खेळ सुरू करणारी किक) झेलून परत धावता येतं का? दोन्ही जमत नसेल तर चौथ्या क्रमांकाच्या रिसीव्हरला जागा टिकवणं अवघड.

त्यात पगाराची शिडी आहे. २०२५ मध्ये अगदी नव्या खेळाडूचा किमान वार्षिक पगार ८,४०,००० डॉलर होता, दोन मोसम नावावर असलेल्याचा १०,३०,००० आणि तीन मोसमवाल्याचा ११,००,०००. पाचव्या क्रमांकाच्या जागेवर नवा आणि तीन मोसमवाला दोघंही सारखंच काम देणार असतील, तर संघ अडीच लाख डॉलर जास्त का मोजेल? चार किंवा अधिक मोसम झालेल्यांसाठी करारात एक सोय आहे: त्यांना किमान पगारावर घेतलं तर संघाच्या पगारमर्यादेत दोन मोसमवाल्याइतकीच रक्कम धरली जाते. म्हणजे सवलत ज्येष्ठांना, स्वस्ताई नवख्यांना, आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या उंबरठ्यावरचा रिसीव्हर मधल्या मध्ये चेपला जातो. ३.३ हा आकडा नेमका तिथेच येऊन थांबतो, हा योगायोग नव्हे.

पत्ता कट होतो म्हणजे नेमकं काय घडतं? अंतिम यादीच्या बातम्यांत ‘वेव्हर’, ‘प्रॅक्टिस स्क्वॉड’ असे शब्द येतात, ते समजत नाहीत. (एडिसन, न्यू जर्सी)

सरावशिबिरात ९० जण असतात. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, मंगळवारी दुपारी ४ वाजेपर्यंत (पूर्व किनाऱ्याची वेळ), ही यादी ५३ वर आणावी लागते. २०२३ पासून मधले टप्पे काढून टाकले आणि ही कपात एकदमच होते. ३२ संघांचे मिळून जवळजवळ १,२०० खेळाडू एका झटक्यात मोकळे होतात.

सकाळी कोणीतरी लॉकरपाशी येतं किंवा फोन येतो: कोचनी बोलावलंय, टॅब घेऊन ये. टॅबमध्ये संघाचे सगळे डावपेच असतात, तो परत करायचा म्हणजे काय ते कळलंच. मग कार्यालयात पाच मिनिटांची भेट, कागदांवर सह्या आणि शेवटची वैद्यकीय तपासणी. या तपासणीत तरुण खेळाडू हमखास घोळ घालतात. पुढच्या संघाने घ्यावं म्हणून दुखणं लपवतात आणि ‘सगळं ठीक’ असं लिहून देतात. खरं तर जखमी खेळाडूला संघ असा सहजासहजी सोडू शकत नाही. जखमी यादीत ठेवून पगार द्यावा लागतो किंवा बरं व्हायला लागणाऱ्या आठवड्यांचे पैसे देऊन तडजोड करावी लागते. तपासणीत नोंद नसेल तर नंतर भांडायला आधार उरत नाही.

पुढचा रस्ता अनुभवावर ठरतो. चार मोसम पुरे झालेले त्याच क्षणी मोकळे, वाटेल त्या संघाशी बोलू शकतात. त्याहून कमी अनुभवाचे ‘वेव्हर’वर जातात, म्हणजे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत इतर ३१ संघांना त्यांच्यावर हक्क सांगता येतो. एकापेक्षा जास्त संघांनी मागितलं तर गेल्या मोसमात खाली राहिलेल्या संघाला आधी मान. इथे खेळाडूची पसंती कोणी विचारत नाही.

कोणीच घेतलं नाही तर प्रॅक्टिस स्क्वॉड, म्हणजे १६ जणांची सराव तुकडी. ते रोज सराव करतात आणि पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या रिसीव्हरची नक्कल करून आपल्या बचावफळीला तयार करतात. सामन्यासाठी संघ त्यांना तात्पुरतं वर घेऊ शकतो, पण एका खेळाडूला मोसमात तीनदाच. दुसऱ्या संघाला तो हवा असेल तर थेट आपल्या ५३ मध्ये घ्यावा लागतो आणि किमान तीन आठवड्यांचा पगार द्यावाच लागतो.

अनुभवी खेळाडूंच्या बाबतीत एक चलाखी चालते. पहिल्या आठवड्याच्या यादीत नाव लागलं तर त्यांच्या पूर्ण मोसमाच्या पगाराला संरक्षण मिळतं. म्हणून संघ सलामीच्या सामन्याआधी त्यांना सोडतात आणि तो सामना झाला की पुन्हा बोलावतात. बातमीत ‘पुन्हा करारबद्ध’ वाचून चाहते खूश होतात. खेळाडूच्या हातून मात्र हमी गेलेली असते.

किमान पगार सात कोटी रुपये! दोन वर्षं खेळला तरी जन्माची ददात मिटली. मग एवढी हळहळ कशाला? (पुणे)

डॉलर ८५ रुपये धरला तर ८,४०,००० डॉलरचे साधारण ७ कोटी १४ लाख होतात, हे खरं. पण हा पूर्ण मोसमाचा आकडा आहे. पगार मोसमाच्या १८ आठवड्यांवर मोजतात, म्हणजे आठवड्याला सुमारे ४६,६६७ डॉलर. यादीत असाल त्या आठवड्याचा मिळतो, बाहेर गेलात की मीटर बंद. जुलै-ऑगस्टच्या शिबिरात तर पगार नसतोच, फक्त आठवड्याचा भत्ता.

ड्राफ्टमध्ये न निवडलेल्या एका रिसीव्हरचा हिशेब मांडू. २०२४ चा सगळा मोसम सराव तुकडीत: १८ आठवडे, दर आठवड्याला १२,५००, एकूण २,२५,०००. २०२५ मध्ये सहा आठवडे मुख्य यादीत: २,८०,०००. उरलेले बारा आठवडे सराव तुकडीत, १३,००० दराने: १,५६,०००. दोन वर्षांचे मिळून ६,६१,००० डॉलर. यातून केंद्राचा प्राप्तिकर जाणार, एजंटाचे जास्तीत जास्त ३ टक्के जाणार आणि राज्यांचे कर जाणार. राज्यांचा कर इथे विचित्र आहे: ज्या राज्यात सामना खेळायला जाल, तिथल्या कामाच्या दिवसांपुरता कर त्या राज्याला. टेक्सास किंवा फ्लोरिडात वेतनावर राज्याचा कर नाही, कॅलिफोर्नियात भरपूर आहे. त्यामुळे विवरणपत्रं ढीगभर आणि त्यांच्यासाठी हिशेबनीसाची फी. वर उन्हाळ्यातला सराव, फिजिओ आणि दर दोन महिन्यांनी नव्या शहरात भाड्याचं घर.

खरी हुरहूर निवृत्तिवेतनाची असते. त्यासाठी तीन मोसम नावावर लागतात आणि मोसम नावावर लागायला किमान तीन सामने पूर्ण पगारावर असावं लागतं. आपल्या हिशेबातल्या खेळाडूचा असा एकच मोसम झाला. तीन झाले असते तर निवृत्तिवेतनासोबत खेळ सोडल्यावर पाच वर्षांचा आरोग्यविमाही मिळाला असता. करारमुक्तीसाठीचा मोसम वेगळ्या मापाने मोजतात: तिथे सहा सामने लागतात. दोन्ही मापं एकच समजून बसलेले खेळाडू शेवटी तोंडघशी पडतात.

तरीही तेविसाव्या वर्षी एवढे पैसे हातात येणं ही काही वाईट गोष्ट नव्हे, हे आम्हालाही मान्य. पण ‘जन्माची ददात मिटली’ हे फक्त पहिल्या फेरीत निवडलेल्यांबद्दल म्हणावं. त्यांचा चार वर्षांचा करार बहुतांश हमीचा असतो.

एवढे वेगवान खेळाडू अपयशी का ठरतात? पळणाऱ्याला पकडणारच कोण? (कोल्हापूर)

२०१७ च्या निवड चाचणीत जॉन रॉस ४० यार्ड, म्हणजे सुमारे ३६.६ मीटर, ४.२२ सेकंदांत धावला. तो तेव्हाचा विक्रम. पुढे २०२४ मध्ये झेवियर वर्दीने ४.२१ नोंदवून मोडला. सिनसिनाटीने रॉसला नवव्या क्रमांकावर उचललं. पहिल्या मोसमात त्याचा एकही झेल नाही. २०२१ च्या अखेरपर्यंत पाच मोसमांत मिळून ६२ झेल, ९५७ यार्ड. दुखापतींनी त्याला फार छळलं, हेही सांगायला हवं. त्याच चाचणीत कूपर कप ४.६२ सेकंदांत धावला, म्हणजे या धंद्यात जवळजवळ रखडलाच. तो तिसऱ्या फेरीत, ६९ व्या क्रमांकावर गेला. २०२१ मध्ये त्याने एकाच मोसमात १४५ झेल, १,९४७ यार्ड आणि १६ टचडाउन (चेंडू घेऊन मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात पोचणं) केले, आणि सुपर बोलचा, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याचा, सर्वोत्तम खेळाडूही तोच.

वेग उपयोगी पडतो तो सुटल्यावर. आधी सुटता आलं पाहिजे. पहिल्या पाच यार्डांत कॉर्नरबॅकला, म्हणजे रिसीव्हरला रोखणाऱ्या बचावपटूला, हाताने धक्का द्यायची, अडवायची मुभा असते. चाचणीत समोर कोणी उभं नसतं, इथे छातीवर दोन तळवे बसतात. ते हात वेळेवर झटकता आले नाहीत तर अर्धा सेकंद गेला, आणि क्वार्टरबॅक तेवढा थांबत नाही.

‘डिग’ हा एक साधा रूट, म्हणजे धावण्याचा ठरलेला मार्ग, जवळून पाहू: सरळ १२ यार्ड पळायचं आणि नव्वद अंशांत आतल्या बाजूला, मैदानाच्या मध्याकडे वळायचं. पहिले दहा यार्ड असे पळायचे की कॉर्नरला वाटलं पाहिजे, हा लांब पळणार. म्हणून छाती गुडघ्यांवर झुकलेली, नजर पुढे. वळणाआधी कंबर खाली येते, दोन-तीन आखूड पावलांत वेग तोडायचा, बाहेरचा पाय शरीराच्या बाहेर रोवायचा, डोकं झटक्यात वळवायचं आणि हात तयार. चेंडू बहुतेकदा वळण पुरं व्हायच्या आतच हातातून सुटलेला असतो. क्वार्टरबॅक माणसाकडे पाहून टाकत नाही, जागेवर टाकतो.

बिघडतं कुठे? ब्रेक लावताना छाती वर आली की कॉर्नर ओळखतो. पाय न रोवता गोल वळण घेतलं की कॉर्नर आतून शिरतो आणि चेंडू त्याचाच. बाराऐवजी दहावर वळलं तर पहिल्या डाउनची रेष (जिथे पोचलं की संघाला नव्याने चार संधी मिळतात) पुढेच राहते, चौदावर गेलं तर चेंडू पाठीमागून निघून जातो. आणि शेवटचा दोष: चेंडू हातात बसायच्या आधी ‘आता पळायचं कुठे’ म्हणून नजर पुढे जाते. स्लिपमध्ये उभं राहिलेल्या कोणालाही हा दोष परिचयाचा असेल. छातीच्या वरचा चेंडू अंगठे जुळवून घ्यायचा, कमरेखालचा करंगळ्या जुळवून, आणि टोक बगलेत जाईपर्यंत डोळे त्याच्यावरच. एवढं करूनही व्यावसायिक लीगमध्ये दोन्ही पाय सीमेच्या आत टेकावे लागतात. कॉलेजात एक पुरतो. कॉलेजचे सामने शनिवारी, व्यावसायिक रविवारी; शनिवारची सवय रविवारी नडते ती अशी.

मी फिजिओथेरपीची विद्यार्थिनी आहे. रिसीव्हरला कोणत्या दुखापती जास्त होतात? (छत्रपती संभाजीनगर)

सगळ्यांत नेहमीची म्हणजे हॅमस्ट्रिंग. पूर्ण वेगात पाय पुढे फेकला जातो आणि जमिनीला टेकण्याआधी मांडीमागचा स्नायू ताणलेल्या स्थितीत ब्रेक लावतो. फाटतो तो बहुधा त्याच क्षणी. शिबिराच्या पहिल्या दोन आठवड्यांत याची साथच येते, कारण उन्हाळ्यात खेळाडू पळालेला असतो, पण समोर कॉर्नर असताना लागणाऱ्या तीव्रतेने नाही. सौम्य असेल तर दोन-तीन आठवडे, जास्त असेल तर सहा किंवा अधिक. घाईने परतलं तर तीच जागा पुन्हा फाटते. आणि पाचव्या क्रमांकाच्या रिसीव्हरला घाई असतेच, कारण ऑगस्टमधले ते तीन आठवडे हीच त्याची परीक्षा. पायाला न विचारता वेळापत्रकाला विचारून निर्णय होतो.

गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध अनेकदा कोणाच्याही धक्क्याशिवाय, रोवलेल्या पायावर वळताना तुटतो. परतायला नऊ ते बारा महिने. पावलातलं करंगळीच्या बाजूचं हाड, पाचवं मेटाटार्सल, हेही रिसीव्हरचं दुखणं. त्या भागाला रक्तपुरवठा कमी असतो, म्हणून स्क्रू बसवतात. दोन-तीन महिने जातात आणि पुन्हा तुटण्याची भीती राहते. उडी मारून खांद्यावर आपटलं की कॉलरबोन. डेट्रॉइटने २००३ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडलेल्या चार्ल्स रॉजर्सचं ते दोन मोसमांत दोनदा मोडलं. १५ सामने आणि ३६ झेल एवढ्यावर त्याचं करिअर संपलं. त्याच्या पाठोपाठ तिसऱ्या क्रमांकावर निवडलेला आंद्रे जॉन्सन १४ मोसम खेळला.

डोक्याच्या माराबाबत आता पाच टप्प्यांची पद्धत आहे: विश्रांती, हलका व्यायाम, मग ताकदीचा, मग धक्क्याविना फुटबॉलचा सराव आणि शेवटी संघाबाहेरच्या तज्ज्ञ डॉक्टरची परवानगी. न्यूयॉर्क जेट्सचा अल टून वारंवार डोक्याला मार बसून १९९२ मध्ये २९ व्या वर्षी थांबला, तेव्हा यातलं काही नव्हतं.

कागदावरची एक बाब: ५३ ची यादी ठरण्याआधी जखमी यादीत टाकलं तर, संघाला मिळणारे दोन अपवाद सोडता, मोसम संपला. नंतर टाकलं तर किमान चार सामने बाहेर, मग परतता येतं. म्हणून दुखापत २० ऑगस्टला झाली की ५ सप्टेंबरला, याने वर्ष बदलतं.

रिसीव्हर स्टर्लिंग शार्पला २०२५ मध्ये हॉल ऑफ फेमचा, म्हणजे खेळातल्या थोरांच्या दालनात जागा मिळण्याचा, मान मिळाला. सातच मोसम खेळलेल्याला एवढा उशिरा आणि तरीही? (ठाणे)

उशीर सात मोसमांमुळेच झाला. ग्रीन बेने १९८८ मध्ये सातव्या क्रमांकावर निवडलेला हा खेळाडू सात वर्षांत एकही सामना चुकला नाही: ११२ पैकी ११२. १९९२ मध्ये १०८ झेल, १,४६१ यार्ड, १३ टचडाउन; तिन्हींत लीगमध्ये पहिला. पुढच्या वर्षी ११२ झेल. १९९४ मध्ये १८ टचडाउन, आणि त्याच मोसमाच्या अखेरीस मानेची दुखापत. मानेचे वरचे दोन मणके, सी१ आणि सी२, यांच्यातला सांधा सैल असल्याचं निष्पन्न झालं. पुढचा धक्का जिवावर किंवा हातापायांवर बेतला असता. एकूण ५९५ झेल, ६५ टचडाउन. बेरजेच्या तक्त्यांत तो मागे पडत गेला, कारण नंतरचे लोक बारा-पंधरा वर्षं खेळले. धाकटा भाऊ शॅनन २०११ मध्येच तिथे पोचला होता.

पत्ता कट झाल्यावर दुसरीकडे खेळता येतं का? (बेळगाव)

कॅनडाची लीग रिसीव्हरला मानवते. मैदान ११० यार्डांचं आणि रुंद, १० यार्ड पुढे सरकायला चारऐवजी तीनच संधी, त्यामुळे चेंडू जास्त फेकला जातो, आणि खेळ सुरू होण्याआधी रिसीव्हरला रेषेकडे पळत यायची मुभा असते. अडचणी दोन: संघात कॅनेडियन खेळाडूंसाठी जागा राखीव असतात, आणि मोसम जूनमध्ये सुरू होत असल्याने ऑगस्टअखेर पोचणाऱ्याला अर्धवट ताटावर बसावं लागतं. अमेरिकेत वसंत ऋतूत यूएफएल नावाची छोटी लीग चालते, दहा सामन्यांची.

मुलगा हायस्कूलमध्ये रिसीव्हर आहे, कोच म्हणतात गुणी आहे. आम्ही काय पाहावं? (डॅलस)

ट्रॅकवर १०० आणि २०० मीटर पळू द्या. वेगाची सवय आणि हॅमस्ट्रिंगची तयारी दोन्ही होतात. आठवड्यातून दोनदा नॉर्डिक व्यायाम: गुडघ्यांवर उभं राहून, घोटे कोणीतरी धरून, सावकाश पुढे झुकत जायचं. सुरुवातीला पाच-पाचचे दोन संच पुरेत, दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात. झेलांचा सराव यंत्रावर एकट्याने करण्यापेक्षा कोणीतरी हात मध्ये घालत असताना करावा.

कोचना एक गोष्ट आवर्जून विचारा: स्पेशल टीममध्ये खेळवता का? बरेच पालक ‘आमचा मुलगा पंट कव्हर करायला नाही’ म्हणून नाक मुरडतात आणि पुढे तेच नडतं. २०२४ मध्ये एनएफएलने किकऑफचा नियम बदलला आणि २०२५ मध्ये थेट टोकाच्या पट्ट्यात जाऊन तिथेच थांबणाऱ्या किकचा फायदा कमी केला. तेव्हापासून परत धावणाऱ्याला भाव आला आहे. आणि शिष्यवृत्तीचं पत्र आलं तर कॉलेजचा रिसीव्हर कोच कोण, याच्याइतकंच तिथे कोणत्या विषयाची पदवी सरावाच्या वेळा सांभाळून पुरी होते, हेही लेखी विचारून घ्या.

रिसीव्हर आता एक आकडी नंबर कसे घालतात? आणि नव्या खेळाडूच्या नावाचा शर्ट मागवायचा आहे, कधी मागवू? (लंडन)

पूर्वी रिसीव्हरला १० ते १९ आणि ८० ते ८९ एवढेच नंबर असत. २०२१ पासून १ ते ४९ आणि ८० ते ८९ खुले झाले, २०२३ पासून शून्यही. शिबिरात ९० जण असल्याने एकच नंबर दोघांकडे असतो, अंतिम यादी लागली की तो एकाकडे राहतो. तुमचा खेळाडू ड्राफ्टमध्ये न निवडलेला असेल तर शर्ट सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मागवा.